पूर्ववृत्ताचा लोभ

दूरचित्रवाणी-मालिकेंत पात्राचें पूर्ववृत्त कधीं सांगावें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘लॉस्ट’ मालिकेंतील जॉन लॉक विमान कोसळल्यावर बेटावर शिकारीस निघतो. आणि भागाच्या अखेरीस कळतें कीं, अपघातापूर्वीं चार वर्षें हा गृहस्थ चाकांच्या खुर्चीला जखडलेला होता! त्यानें टाकलेल्या प्रत्येक पावलास तत्क्षणीं निराळाच अर्थ येतो. पुढें २००७ सालीं मात्र जॅकच्या बाहूवरील गोंदणासाठीं सबंध भाग खर्चीं पडला. (तें कोणीं गोंदलें, हें कोणास हवें होतें?) बेटावरील कथा फारशी सरकली नाहीं. त्याच वर्षीं मालिका २०१० सालीं संपविण्याचें जाहीर झालें. आणि त्या पर्वाच्या अखेरच्या भागांत प्रेक्षक जें पूर्ववृत्त समजून पाहात होते, तें भविष्य निघालें.