दोन दाखले, दोन खिडक्या

(एका केंद्रीय विद्यापीठात यंदा प्रवेश घेतलेल्या मराठी भाषक बहुजन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिलाय, 'नव्याने आलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध सुविधा'. सुविधांवर बोलतोच, पण आधी त्या शब्दाबद्दल थोडं. 'दिव्यांग' हा शब्द 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवला आणि मग सगळ्या सरकारी कागदांवर आला. मला अल्पदृष्टी आहे. माझ्या डोळ्यांत दिव्य असं काही नाही, फळ्यावरचं दिसत नाही एवढंच. आपल्या लोकांना असा गोड शब्द याआधीही देऊन झालाय. 'हरिजन' म्हणायचं, आणि विहीर मात्र बंदच ठेवायची. बाबासाहेबांनी तो शब्द नाकारला. मी 'अपंग' म्हणणार आहे. तुमच्या फॉर्मवर दिव्यांग छापलं असेल तर तसंच लिहा. फॉर्मशी भांडू नका, भांडायला पुढे बरंच काही आहे.

गावाकडे जातीचं आणि अपंगत्वाचं कारण एकच सांगतात, मागच्या जन्मीचं पाप. म्हणजे एकाच माणसाच्या माथी ते दोनदा मारता येतं. या कर्माच्या हिशेबावर जोतिबांनी आयुष्यभर घाव घातले. 1888 साली त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 मध्ये छापलं गेलं. आपण सगळे फेटा बांधलेल्या जोतिबांचा फोटो लावतो. डाव्या हाताने लिहिणारे जोतिबा मी तरी कुठल्याच भिंतीवर पाहिले नाहीत.

2011 च्या जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण 2.21 टक्के आलं. अनुसूचित जातींमध्ये ते 2.45 टक्के होतं. फरक दिसायला छोटा आहे, पण गटारात कोण उतरतं, वीटभट्टीवर कोण राबतं, कुणाच्या वस्तीपासून दवाखाना लांब असतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तरीही विद्यापीठात 'अपंग विद्यार्थी' म्हटलं की त्याला जात नसते, आणि 'एससी विद्यार्थी' म्हटलं की तो धडधाकट असतो. मला आज बोलायचंय ते यावरच.

कायदा काय म्हणतो ते बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 32. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी, आणि वयात 5 वर्षांची सूट. 1995 च्या जुन्या कायद्यात हे 3 टक्के होतं. हे आरक्षण आडवं असतं. इंद्रा साहनी खटल्यात 1992 सालीच सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. एससी, एसटी, ओबीसी, खुला हे उभे रकाने, आणि अपंगांचं आरक्षण या सगळ्या रकान्यांना छेदत जातं. अपंगांच्या जागेवर आलेला मुलगा एससी असेल तर तो मोजला जातो एससीच्या रकान्यात. कागदावर यात काही चूक नाही. अडचण प्रवेश झाल्यानंतर सुरू होते. कार्यालयाच्या लेखी एका मुलात दोन रकाने भरले, काम झालं. पण तो मुलगा रकान्यात राहत नाही, वसतिगृहात राहतो.

मी एमएला होतो तिथली गोष्ट सांगतो. विद्यापीठाचं नाव घेत नाही. मला तळमजल्यावरची खोली हवी होती, कारण जिन्यात दिवा नव्हता. एससी-एसटी सेलमध्ये गेलो. तिथले साहेब आपलेच, चांगले होते. म्हणाले, "बाळा, हे अपंगांचं काम, तिकडे जा." अपंगांच्या कक्षात गेलो. तिथल्या बाईंनी यादी काढली आणि म्हणाल्या, "तुम्ही तर एससीतून आलात ना? मग तुमची फाईल तिकडेच." दोन खिडक्या, आणि मधल्या व्हरांड्यात मी. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी एका सीनियर ताईने एकाच कागदावर अर्ज लिहून दिला, वर दोन्ही कार्यालयांची नावं घातली, आणि दोन्हीकडून पोच घेतली. त्या आठवड्यात खोली मिळाली. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, अर्ज एक, पत्ते दोन, पोच दोन. तोंडी काही मागू नका. तोंडी मागितलं की ती मेहरबानी होते.

आता लेखनिक. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ, हे तुम्हाला बहुतेक माहीत असेल. तीन तासांच्या पेपरला एक तास. पण लेखनिक येतो कुठून? बऱ्याच ठिकाणी सांगतात, तुमचा तुम्ही आणा. ज्याचे आईवडील याच शहरात प्राध्यापक आहेत, त्याच्या शेजारीपाजारी इंग्रजी लिहिणारी पोरं असतात. परभणीहून आलेल्या मुलीच्या ओळखीचं इथे कोण? तिची खोलीतली मैत्रीणही चालत नाही, कारण लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. नियम सगळ्यांना सारखा, पण तो पाळायला ओळखी लागतात, आणि आपल्या समाजात ओळखी जातीने वाटल्या जातात. म्हणून लेखनिक पुरवणं ही विद्यापीठाची जबाबदारी आहे असं लिहून मागा. सत्राच्या पहिल्याच महिन्यात मागा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे सध्या लागू असलेल्या नियमाची प्रतही त्याच अर्जात मागा.

कुणाचं अपंगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्यांनी दारातून परत फिरू नये. विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरक्षणाला 40 टक्क्यांची अट आहे, पण गरजेप्रमाणे करून द्यायच्या बदलांना ती लावता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत, त्याला लेखनिक हवा होता.

दुसरा एक निकाल 2020 चा आहे, आर्यन राज विरुद्ध चंदीगड प्रशासन. अपंग हेही सामाजिकदृष्ट्या मागासलेले आहेत, म्हणून एससी-एसटीला मिळते ती सवलत त्यांनाही द्या, असं न्यायालय म्हणालं. निकाल चांगलाच आहे. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. 'अपंगांना एससी-एसटीइतकी सवलत' म्हटल्यावर जो एससीही आहे आणि अपंगही, त्याच्या वाट्याला नवीन काय आलं? त्याला ती सवलत आधीच होती. म्हणजे न्यायालयाच्या डोळ्यांसमोरही हे दोन वेगळे लोक होते.

दाखल्यांचं बोलतो. अपंगत्वाचा दाखला देशभर चालतो, कायद्यातच तसं लिहिलंय. तरी काही विद्यापीठं पुन्हा आपल्या डॉक्टरांपुढे उभं करतात. जा, पण मूळ कागद हातातून सोडू नका. जातीच्या दाखल्याचं तसं नाही. केंद्रीय विद्यापीठात महाराष्ट्रातला एससी दाखला चालतो, तो केंद्राच्या नमुन्यात असला म्हणजे झालं. आपल्या बौद्ध मुलांनी हे नीट बघावं. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही एससीचा दर्जा मिळाला, तरी गावाकडचा जुना दाखला कधीकधी राज्याच्याच नमुन्यात असतो. ओबीसींनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते तपासावं. उद्या पीएचडीला दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात गेलात, तर तिथे अपंगत्व तुमच्यासोबत येईल. एससी आरक्षण येणार नाही, जात सोबत आली तरी.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात सांगतो. बहुतेक योजनांत एका वेळी एकच घेता येते. सामाजिक न्यायची की अपंगांची, हे घाईत ठरवू नका. दोन्हींची रक्कम, निवास भत्ता आणि पैसे प्रत्यक्ष कधी येतात, हे सीनियर्सना विचारून मगच फॉर्म भरा.

वाचनाबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. प्राध्यापक ग्रुपवर पीडीएफ टाकतात. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ माझ्या स्क्रीन रीडरसाठी फक्त चित्र असते, तो गप्प बसतो. मराठीत तर आणखी गंमत. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर तो बोलतो, पण काय बोलतो ते त्यालाही कळत नाही! युनिकोड मराठी असेल तर एनव्हीडीए हे फुकट सॉफ्टवेअर ते वाचून दाखवतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराईट कायदा अपंगांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला परवानगी देतो. म्हणून ग्रंथपाल 'कॉपीराईट आहे' म्हणाले, तर त्यांना कलम 52 दाखवा. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाईन ग्रंथालयही 2016 पासून आहे, तिथे नाव नोंदवा.

हे सगळं विद्यापीठाला सुनावताना मला आपल्या घरातलंही बोलायला हवं. चळवळीची जुनी मासिकं, पुस्तिका, बाबासाहेबांची भाषणं आपण एकमेकांना कशी पाठवतो? फोटो काढून. म्हणजे आंधळ्या भीमसैनिकाने बाबासाहेब कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. आपला अभ्यासगट भरतो तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. जयंतीला डीजेसाठी वर्गणी निघते, सांकेतिक भाषेच्या दुभाषासाठी निघत नाही, आणि कर्णबधिर पोरगी भाषण संपेपर्यंत टाळ्या कधी वाजवायच्या ते बघत बसते. अपंगांच्या संघटनांमध्ये जावं, तर तिथे आडनाव विचारून झाल्यावर आवाजाची पट्टी बदलते. ते आपल्याला माहीत असलेलं दुखणं आहे, त्याच्याशी कसं लढायचं हे आपण शिकलोय. पण आपल्या बैठकीत कुणी कुबडी टेकवून जिना चढत असताना बाकीचे वर घोषणा देत थांबलेले असतात, हे बदलायला कुठल्याही कुलगुरूंची परवानगी लागत नाही.

काही पोरं पहिल्याच सत्रात घरी निघून जातात. विचारलं तर म्हणतात, "करमलं नाही." माझ्या माहितीतल्या एका मुलाचं न करमण्याचं कारण स्वच्छतागृह होतं. त्याची खुर्ची आत जाईल असं एकमेव स्वच्छतागृह प्रशासकीय इमारतीत होतं, आणि ते पाचला बंद व्हायचं. तो दुपारनंतर पाणी पीत नसे. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटायचं, आधीच 'कोट्यातून' आलोय, आता आणखी काय मागू?

यूजीसीच्या 2012 च्या समता विनियमांत भेदभावाच्या व्याख्येत जात आणि अपंगत्व दोन्ही येतात. तक्रार करताना दोन्ही लिहा. 'जातीवरून झालं की अपंगत्वावरून, एक काय ते ठरवा' असं कुणी म्हणालं, तर ठरवू नका.

उद्या सकाळी अकरा वाजता आम्ही काही सीनियर्स अर्ज लिहायला बसणार आहोत. सगळे दाखले, दोन-दोन झेरॉक्स आणि वसतिगृहाची पावती घेऊन या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं आम्ही लिहू, आणि मला वाचता येत नाही, ते कुणीतरी मला वाचून दाखवा. खोली तळमजल्यावर आहे, दरवाजा रुंद आहे, मी काल मोजून आलोय.

जय भीम.