सोसण्याची सवय आणि पोटाचे टाके



बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलण्याची आम्हांला सवय. वैद्यकावर बोलायला आम्ही उभे राहिलो याचे काहींना नवल वाटले असेल. शाळा आम्ही लवकर सोडली. डॉक्टरकीशी आमचा संबंध एवढाच, की आजारी कामगारांच्या खाटेशी बसून आम्ही त्यांच्या रजेचे अर्ज लिहीत आलो. तिथे जे पाहिले आणि मग विचारून, वाचून जे कळले, तेवढेच सांगतो.

'टमी टक' हे नाव ऐकले की लोक हसतात. श्रीमंतांचे चोचले म्हणून आम्हीही हसत होतो. मग आमच्या संघटनेतल्या, पॅकिंग खात्यातल्या एका बाईंवर तशीच शस्त्रक्रिया करावी लागली. तीन बाळंतपणांत पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून फाकलेले, बेंबीशी हर्निया, आणि लोंबत्या कातडीच्या घडीखाली सदा चिघळलेले. डॉक्टरांनी हर्निया दुरुस्त केला, स्नायू जवळ ओढून शिवले आणि जादा कातडी काढून टाकली. चोचला यात कुठला?

या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. जखम एवढी मोठी. पण वरची कातडी पुष्कळदा कित्येक महिने बधिर राहते, कारण तिच्या बारीक नसा तुटलेल्या असतात. खरा ठणका आतला, शिवलेल्या स्नायूंचा. खोकला, शिंक, हसू, काहीही आले की कळ उठते. म्हणून पोटाशी उशी दाबून खोकावे. निजताना पाठ उंच आणि गुडघ्यांखाली उशी असावी. उठताना कुशीवर वळून हातांच्या जोरावर उठावे. आणि पहिला आठवडाभर थोडे वाकूनच चालावे. ताठ होण्याची घाई टाक्यांना सोसत नाही.

आमच्या बाई दोन दिवस निपचित पडून राहिल्या. गोळी दिली की ती उशीखाली जाई. "एवढं सोसवतं मला," म्हणत. लहानपणापासून हेच शिकवलेले! पण सोसणारा माणूस दुखू नये म्हणून श्वास उथळ घेतो, खोकला दाबतो, पाय हलवीत नाही. मग छातीत कफ साचतो. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. बाईंना तिसऱ्या दिवशी ताप भरला, तेव्हा नर्सबाईंनी उशी उचलली. पुढे गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी बाई खोलीत चालू लागल्या.

गोळी कळ शिगेला पोचल्यावर घ्यायची नसते. पहिले काही दिवस ती घड्याळाप्रमाणे घ्यायची. पॅरासिटामॉल 24 तासांत 4 ग्रॅमपेक्षा अधिक नको. अंगाने बारीक, यकृत बिघडलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही तेच औषध असते, तेही हिशेबात धरावे. मॉर्फीनच्या जातीची औषधे डॉक्टरच देतील, तीही थोडे दिवस. त्यांनी शौचाला खडा होतो, आणि कुंथणे या पोटाला परवडत नाही.

रोग्याला लवकर चालवावे, हे शिकागोच्या एमिल रीस यांनी 1899 मध्येच सांगितले होते. फारसे कुणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या, तेव्हा ते पटू लागले! मालकाला शहाणपण कधी सुचते, हे आम्हांला ठाऊक असल्यामुळे याचे आश्चर्य वाटले नाही.

आता दोन प्रश्नांविषयी. डॉक्टरांनी विचारले, "सिगारेट ओढता का?" बाई म्हणाल्या, "नाही हो!" आणि मिश्री रोज दोनदा लावीत होत्या. निकोटीन धुरातून येवो की दातांवरून, रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेल्या कातडीची कड काळी पडते. आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे तंबाखू बंद हवी. दुसरा प्रश्न, "घरी जड काम करता का?" याचेही उत्तर "नाही" असेच आले. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन, आणि अशा सहा बादल्या त्या रोज जिना चढवीत. ते काम आहे हे त्यांच्या मनातच आले नव्हते. डॉक्टरांनी मात्र सहा आठवडे पाच किलोहून अधिक काही उचलू नका म्हणून बजावले होते.

घरच्यांनी लक्ष ठेवायचे ते असे: एकच पोटरी सुजली, धाप लागली, छातीत दुखले, ताप आला, जखमेभोवती लाली पसरली किंवा पोट एका बाजूने एकदम फुगले, तर सकाळची वाट पाहू नये. पट्टा डॉक्टर सांगतील तितके आठवडे बांधावा. पाणी काढणारी नळी रोजचे पाणी पुरेसे कमी झाल्यावर तेच काढतात. ती आपण ओढू नये.

बाई सातव्या आठवड्यात कामावर आल्या. खोकी उचलण्याऐवजी बसून लेबले लावण्याचे काम मिळावे म्हणून आम्हांला साहेबांशी दोनदा भांडावे लागले. बादल्यांसाठी मात्र आमची संघटना अपुरी पडली असती. ते भांडण बाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या आईशी केले, आणि तीन महिने पाणी त्यानेच भरले.