भार एकट्याचा नव्हे



आपणां इगतपुरीकरांना जड ओझ्याची गोष्ट नव्याने सांगावयास नको. कसाऱ्याहून घाट चढताना सदतिसास एक असा चढ लागतो. म्हणून गाडीला मागून जादा इंजिने लावतात. त्यासाठी पुढच्या इंजिनाला कोणी नावे ठेवीत नाही. परंतु घरात ऐंशी-नव्वद किलो वजनाचे वडीलधारे माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, की त्याला हलविण्याचे काम आपण एकट्या सुनेवर टाकून मोकळे होतो. आमचे आजचे सांगणे एवढ्यापुरतेच आहे.

परिचारिका म्हणून आम्ही नवख्या होतो तेव्हाची चूक सांगतो. रात्रपाळीत मदतीची वाट न पाहता अशाच एका रुग्णाला आम्ही बगलेत हात घालून वर ओढले. त्याच्या लुळ्या हाताचा खांदा दुखावला. पुढे कित्येक दिवस तो कण्हत होता. आमचीही कंबर धरली. तेव्हापासून कानाला खडा लावला.

अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००७ साली अशी मर्यादा सुचविली, की परिस्थिती अनुकूल असली तरी रुग्णाचा सुमारे १६ किलोंहून अधिक भार एकाने हातांनी उचलू नये. नव्वद किलोंच्या माणसाचा एक पायच जवळजवळ तेवढा भरतो!

मग करावे काय? रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोहोचेल अशी मजबूत चादर दुहेरी करून त्याच्याखाली आडवी घालावी. दोन्ही बाजूंस माणसे उभी राहावीत. चादरीच्या कडा गुंडाळून रुग्णाच्या अंगालगत धराव्यात, गुडघे किंचित वाकवावेत, पाठ ताठ ठेवावी. काय करणार ते रुग्णाला आधी सांगावे, आणि एक-दोन-तीन म्हणून सर्वांनी एकदम सरकवावे. लुळा हात कधीही ओढू नये. रुग्ण फारच जड असेल तर माणसे वाढवावीत, किंवा रुग्ण उचलण्याचे यंत्र आणावे.

साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. गुडघ्यांमध्ये उशी द्यावी, टाचा अधांतरी राहतील असे पाहावे. माकडहाड, खुबे व टाचा रोज तपासाव्यात. दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर तेथे चोळू नये. त्या बाजूवरचा भार काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे. जखम होण्याची ती पहिली खूण असते.

या सेवेने काय साधते, ते मुंबईच्या केईएम रुग्णालयात दिसले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत अंथरुणावरच होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना अंथरुणाची एकही जखम झाली नसल्याचे रुग्णालयाने न्यायालयापुढे मांडले होते. न्यायालयानेही त्या सेवेचा गौरव केला. हे काम एकटीचे नव्हते. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि पाळीमागून पाळी ती कूस बदलली गेली.

घरात मात्र पाळी बदलत नाही. रात्री दोन वाजता उठणारी तीच सून पहाटे चारलाही उठते. तिची पाठ गेली, तर दोन खाटा पडतील. म्हणून शेजारी आजारी असेल तेथे नुसती फळे घेऊन जाऊ नका. ‘कूस किती वाजता बदलता? आम्ही येतो,’ असे विचारा. चादरीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी हवे असते.