मूठभर मोहरी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आज आम्ही फार मोठा विषय घेऊन उभे नाही. आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीवर चार शब्द बोलणार आहोत.

श्रावस्तीची किसा गोतमी आपल्याला ठाऊक आहे. तिचे एकुलते एक लेकरू गेले. त्याला कडेवर घेऊन ती औषध मागत दारोदार फिरली. तथागतांनी तिला चिमूटभर मोहरी आणायला सांगितली. पण जिथे कधी कोणी मेले नाही, अशाच घरची. मोहरी सगळ्यांकडे होती, तसे घर मात्र एकही सापडले नाही. भगवंतांनी चमत्कार केला नाही की खोटी आशा दिली नाही. दुःख आपल्या एकटीचे नाही, हे तिने स्वतः फिरून पाहिले. पुढे ती भिक्खुणी झाली. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत.

आता आपल्या घराकडे पाहू. लेकराला ताप आला की आपण काय करतो? मीठ-मोहरी ओवाळून विस्तवात टाकतो, आणि ती तडतडली की म्हणतो, "बघा, केवढी दृष्ट लागली होती!" आम्हीही हे केले आहे, खोटे कशाला बोलू? अहो, पण तीच मोहरी रोज फोडणीत तडतडते, तेव्हा वरणाला काय कोणाची दृष्ट लागलेली असते? दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती टरफल फोडते. एवढेच! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला विवेकाचा धम्म दिला. मग लेकराला दवाखान्यात न्यायच्या वेळी आपण विस्तवापाशी का बसायचे?

तेव्हा मोहरी जाळू नका, पेरा. हे रब्बीचे पीक. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या डब्यात दाणे टाका. वर माती १ सें.मी., जास्त नको. आठवड्याच्या आत रोपे दिसतात. महिन्याभराने कोवळ्या पाल्याची लसूण-मिरची घालून भाजी करा. काही झाडे राखून ठेवा. पिवळी फुले येतील, मग शेंगा धरतील. साधारण चार महिन्यांत शेंगा पिवळ्या पडल्या की काढून घ्या. झाडावरच फुटल्या तर दाणे मातीत जातात.

फोडणीला तेल आधी नीट तापू द्या. कच्च्या तेलात मोहरी फुटत नाही, आणि जळाली तर कडू लागते. कैरीच्या लोणच्याला मोहरीची डाळ घालाच.

शेवटी एकच विनंती. शेजारी कोणाकडे मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही. त्या दिवशी फोडणीचे वरण आणि भाकरी घेऊन जा. सुतक आपण मानत नाही. गोतमीला दारोदार फिरावे लागले. आपल्या वस्तीत मात्र शेजारणींनीच तिच्या दारी जावे.

नमो बुद्धाय! जयभीम!