समुपदेशकाच्या समोर बसलेला माणूस

(नाशिक इथल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी पत्रिकेत माझ्या नावापुढे 'समुपदेशन क्षेत्रातील करिअर' असं छापलंय. त्यातलं करिअर मी शेवटी पाच मिनिटांत सांगेन, कारण ते तेवढंच आहे. आधी कामाबद्दल बोलू. मी समुपदेशन शिकवते. माझ्या वर्गातून बाहेर पडणारी मुलं-मुली उद्या शाळेत, रुग्णालयात, कुटुंब न्यायालयात, हेल्पलाइनवर लोकांचं ऐकायला बसणार असतात. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्याकडे आलेल्या कुणाचीही हकीकत मी इथे सांगणार नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. जुन्या नाशकात नाव बदलून काही उपयोग होत नाही. चौक मंडईपासून वडाळ्यापर्यंत लोक दोन वाक्यांत ओळखतात, ही कुणाची सून.

म्हणून वर्गातला एक सराव सांगते. एक विद्यार्थिनी समोर खुर्चीत बसते आणि मी लिहून दिलेलं वाक्य म्हणते : "जी घबराता मॅडम. रात कू नींद नै. अम्मी बोलते असर है." तिथेच थांबायचं. बाकीच्यांनी कागदावर लिहायचं, आता तुम्ही काय बोलाल?

उत्तरं साधारण ठरलेली असतात. कुणी लिहितं, ही चिंतेची लक्षणं, श्वासाचा व्यायाम शिकवीन. कुणी लिहितं, आधी अंधश्रद्धा दूर करीन. काहीजण थेट विचारतात, नवरा मारतो का, तलाक देतो म्हणतो का? मुलीचं लग्न झालंय असं वाक्यात कुठेही नाही, पण भाषा ऐकली आणि तलाक आठवला. आपली मुस्लिम मुलंही मागे नाहीत. त्यातला एखादा लिहितो, नमाज नियमित पढतेस का? क्वचितच कुणी लिहितं, की 'असर' म्हणजे अम्मींना नेमकं काय वाटतं आणि तुला स्वतःला काय वाटतं, हे मी विचारीन.

'असर' या शब्दाकडे नीट बघा. त्यात मुलीवर दोष येत नाही. ती आळशी नाही, नाटकी नाही, तिच्यावर बाहेरून काहीतरी आलंय. त्यामुळे घरचे तिला चार दिवस कामातून मोकळं करतात, दर्ग्यात नेतात, तिच्याबरोबर कुणीतरी बसतं. त्याच शब्दामागे घरातलं पुष्कळ काही झाकलंही जातं. शिक्षण थांबवलेलं असतं, मनाविरुद्ध रिश्ता ठरलेला असतं, कधी त्याहून वाईट काही असतं. समुपदेशकाला या दोन्ही बाजू माहीत हव्यात. आणि हे फक्त मुसलमानांचं आहे असं समजू नका. 'बाहेरचं झालंय', 'लागीर झालं', 'करणी केली' ही सगळी मराठीच आहे.

आमच्या विषयात याला बहुसांस्कृतिक समुपदेशन म्हणतात. अमेरिकेत १९६२ साली गिल्बर्ट रेन यांनी एक लेख लिहिला. स्वतःच्या संस्कृतीच्या कोशात बंद झालेला समुपदेशक, अशी कल्पना त्यात त्यांनी मांडली. समोरचा माणूस आपल्यासारखाच असणार असं तो गृहीत धरतो आणि नसला तर त्यालाच दुरुस्त करायला लागतो. पुढे १९९२ मध्ये डेराल्ड विंग सू, पॅट्रिशिया अॅरेडोंडो आणि रॉडरिक मॅक्डेव्हिस यांनी समुपदेशकाकडे काय असायला हवं याचा आराखडाच तयार केला. आधी स्वतःचे पूर्वग्रह ओळखा, मग समोरच्याचं जग जाणून घ्या, मग त्याला साजेशी कौशल्यं शिका. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सगळ्यांना तिसऱ्यापासून सुरुवात करायची असते.

पण मी वर्गात या तिघांच्या आधी फ्रान्झ फॅनन शिकवते. तुमच्यापैकी काहींनी त्यांचं नाव वसाहतवादाच्या संदर्भात ऐकलं असेल. ते मनोविकारतज्ज्ञ होते. मार्टिनिकचा हा कृष्णवर्णीय डॉक्टर १९५३ मध्ये अल्जेरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. तिथे एका वॉर्डात युरोपीय स्त्रिया, दुसऱ्यात मुस्लिम पुरुष. फ्रान्समध्ये शिकून आलेले उपाय त्यांनी दोन्हीकडे लावले. सभा, भित्तिपत्रक, सिनेमा, हस्तकला. स्त्रियांच्या वॉर्डात थोड्याच दिवसांत फरक पडला. पुरुषांच्या वॉर्डात काहीच हललं नाही. फॅननना अरबी येत नव्हती, दुभाषा लागायचा, आणि माणूस आपलं दुःख दुभाष्याकडे देतो तेव्हा निम्मं वाटेत सांडतं. टोपल्या विणायला दिल्या, तर ते बायकांचं काम म्हणून पुरुष हात लावेनात. मग फॅनन आणि त्यांचे सहकारी झाक अझुले यांनी उलट विचार केला. रुग्णालयात गावाकडच्यासारखं कॉफीघर सुरू केलं, ईद साजरी होऊ लागली, गोष्टी सांगणारा कथेकरी बोलावला. वॉर्ड हळूहळू जिवंत झाला. १९५४ मध्ये दोघांनी हा सगळा अनुभव छापला, आपले उपाय का फसले याच्या कारणांसकट.

आता फॅननना बाजूला ठेवून आपल्या जिल्ह्यात या. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या फॉर्मवर 'मुस्लिम' असा एकच रकाना असतो. त्यात कोकणीपुऱ्यातलं कोकणी घराणं बसतं, मालेगावात यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा उर्दूभाषक मोमीन बसतो, गावाकडचे पिंजारी, बागवान, तांबोळी, शिकलगार बसतात, ज्यांचं बाजारातलं, शाळेतलं, भांडणातलं सगळं मराठीत चालतं. यांचं दुःख सांगण्याचं तंत्र एक नाही. मराठी शाळेत शिकलेली मुलगी राग मराठीत सांगते आणि रडते घरच्या दखनीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तिला दोन्ही भाषांत ऐकणारं कुणी मिळालं तर फार बरं. शिकवताना मी एवढंच बजावते, की भाषा बदलली की लिहिणं थांबवा आणि नुसतं ऐका.

दुसरी गोष्ट भीतीची. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेले ते बहुतेक मुसलमान, आणि पकडले गेले तेही मुसलमान. त्यांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. मधली दहा वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची? अशा शहरात वाढलेला मुलगा 'पोलिसाची गाडी दिसली की हात थरथरतात' म्हणाला, तर त्याला संशयाचा आजार म्हणायचं का? भीतीला खरं कारण असेल तर आधी ते कारण मान्य करावं लागतं. झोपेसाठी काय करता येईल, हे त्यानंतर. आणि याच्या उलटही सांगायला हवं. सगळ्या दुखण्याला 'समाजावरचा अन्याय' हे एकच उत्तर नसतं. त्या मुलाला नैराश्य असू शकतं, त्याला गोळ्यांची गरज असू शकते. समाजाच्या अभिमानापोटी ते दडवलं तर त्याचं नुकसान होतं.

दर्गे आणि दवाखाने यावर वाद घालायला आपल्याला फार आवडतं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. हे विसरता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने माणसाला साखळीने बांधायला स्पष्ट बंदी घातलेली आहे. पण गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालला. मुजावरांना लक्षणं ओळखायला शिकवलं, दुआ झाल्यावर ते माणसाला तिथेच डॉक्टरकडे पाठवू लागले. मला हा मार्ग पटतो. आपल्यातल्या काही मित्रांना ही तडजोड वाटते. असेल. पण आजारी माणूस वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण किती जणांना माहीत आहे? पेठ तालुका. आदिवासी भाग, जवळपास मनोविकारतज्ज्ञ नाही. तिथल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने तो उभा केला. गावातलेच लोक निवडले, ज्यांच्याकडे माणसं आधीपासून मन मोकळं करायला जात होती. त्यांना ऐकायला, अडचणीची उकल करायला शिकवलं आणि हातात स्मार्टफोनवर छोट्या फिल्म दिल्या. दारू, घरातली मारहाण, बेकारी असे विषय. सरकारी योजनांचे कागद मिळवून देणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, कारण निराधार बाईला पेन्शनचा कागद मिळणं हेही मनावरचं औषध असतं. पुढे हेच काम मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेलं गेलं. पेठमध्ये जमलं ते भद्रकालीत का जमू नये, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. एक अडचण मला दिसते. मोहल्ल्यात गुपित टिकत नाही. प्रशिक्षण देताना निम्मा वेळ फक्त गोपनीयतेवर द्यावा लागेल.

आता थोडं अवघड बोलते, कारण इथे चळवळीतले लोक बसलेत. १८ एप्रिल १९६६ ला हमीदभाई दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध. पुढे २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. मधली पन्नास वर्षं कार्यकर्त्यांनी लढा दिला, आणि तो तसाच द्यायला हवा होता. पण कार्यकर्त्याचं काम आणि समुपदेशकाचं काम वेगळं आहे. एखादी स्त्री येऊन म्हणाली, "मला परत त्याच्याकडे जायचंय," तर कार्यकर्त्याचा जीव तुटतो, तो कायदा सांगतो. समुपदेशकाने तिला जिवाचा धोका आहे का हे आधी बघायचं, तिचे हक्क तिला समजतील असे सांगायचे, आणि मग निर्णय तिच्याकडेच ठेवायचा. तिने आपल्या मनासारखा निर्णय घेतला नाही म्हणून पुढच्या वेळी आपला आवाज थंड होता कामा नये. हे शिकवायला मला सर्वात जास्त वेळ लागतो. धार्मिक घरातून आलेल्या विद्यार्थ्यांनाही हेच जड जातं, फक्त उलट दिशेने. खुर्चीत बसल्यावर मौलाना व्हायचं नाही आणि सुधारकही व्हायचं नाही.

आता ती पाच मिनिटं. मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए. करताना समुपदेशन हा विशेष विषय घ्या. शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पुढे पीएच.डी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना संशोधनासाठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, त्यामुळे तिच्या भरवशावर गणित मांडू नका. 'समुपदेशक' अशी पाटी आज कुणीही लावू शकतो अशी स्थिती बराच काळ होती. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्याच्या यादीत आता समुपदेशकही आहेत, म्हणून मान्यता असलेलंच शिक्षण घ्या. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कुणाच्या आयुष्याशी खेळू नका. पगाराचं विचाराल तर सुरुवातीला कमी. घरचे विचारतील, नुसतं ऐकायचे पैसे कोण देतं? देतात, पण हळूहळू. आणि तुम्हाला स्वतःला कधी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लिहून घ्या. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

ज्यांना या वाटेने यायचंय त्यांच्यासाठी एक गृहपाठ आहे. घरी जाऊन नानी, दादी, खाला, फुफी यांच्याजवळ बसा आणि विचारा, उदास वाटतं तेव्हा तुम्ही काय म्हणता? 'जी घबराता', 'दिल बैठ गया', 'कुछ सुहाता नै', असे शब्द जसे उच्चारले तसेच लिहा. अर्थ तुम्ही लिहू नका, त्यांनाच विचारा. निदान वीस शब्द हवेत. जेवणाच्या सुट्टीनंतर आपण गट पाडतोय, ज्यांना घरी फोन करून आत्ताच चार शब्द मिळवता येतील त्यांनी मिळवा.