उरलेले दिवस मोजणारे घड्याळ



सामाजिक काम हाती घेतले की प्रथम निधीची चिंता वाटते. परंतु निधी असूनही अर्धवट राहिलेल्या वास्तू आपण गावोगावी पाहतो. तेथे उणीव असते ती नियोजनाची. सद्हेतू आणि परिश्रम नियोजनाची जागा घेऊ शकत नाहीत, हे मी आज कोकण रेल्वेच्या उदाहरणाने मांडणार आहे.

१९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, ९० हून अधिक बोगदे, जवळपास दोन हजार लहानमोठे पूल! एवढ्या विराट कामाचे प्रथम विभाजन झाले. मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला गेला आणि त्याला निर्णयाचे अधिकारही दिले गेले. जबाबदारी एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी स्थिती तेथे नव्हती.

दुसरे साधन म्हणजे उलटे घड्याळ. उद्दिष्टाच्या तारखेला किती दिवस उरले, हे ते सर्वांना दाखवी. पुढे दिल्ली मेट्रोच्या कामातही श्रीधरन यांनी हीच पद्धत वापरली.

परंतु उरलेले दिवस कोणत्या कामावर खर्च करायचे? त्यासाठी तिसरे साधन, 'क्रिटिकल पाथ'. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही पद्धत विकसित झाली. समजा, आपण वसतिगृह बांधत आहोत. स्लॅबमध्ये विजेच्या नळ्या काँक्रीट ओतण्यापूर्वीच टाकाव्या लागतात. वायरमन चार दिवस उशिरा आला, तर स्लॅब चार दिवस लांबतो आणि वास्तुशांतही तितकीच लांबते. सुतार मात्र खाटा आठवडाभर उशिरा करू लागला, तरी हाताशी वेळ असल्यास काही बिघडत नाही. ज्या कामांचा विलंब थेट अखेरच्या तारखेवर येतो, त्यांची साखळी म्हणजे हा निर्णायक मार्ग.

कोकण रेल्वेनेही याचा अनुभव घेतला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद झाला. कठीण खडक फोडता आला, पण मऊ, पाणथळ मातीतील बोगदे पुनःपुन्हा ढासळले. पेडण्याचा बोगदा अखेरपर्यंत अडून राहिला आणि दोन्ही बाजूंचा तयार मार्ग त्याची वाट पाहत राहिला. मूळ उद्दिष्ट टळले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. मग घड्याळ व्यर्थ ठरले का? मुळीच नाही. घड्याळ डोंगर हलवत नाही; पण विलंब झाकू देत नाही. वाईट बातमी वेळेवर कळली, तरच उपाय वेळेवर होतो.

आपल्या कामासाठी एक चौकटीची वही पुरेशी आहे. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा : ते कोण करणार, किती दिवस लागणार, त्याआधी काय पूर्ण व्हायला हवे आणि निर्णय कोण घेणार. नावाच्या रकान्यात 'समिती' लिहू नका, एका व्यक्तीचे नाव लिहा. साप्ताहिक बैठकीत आधी निर्णायक मार्गावरील कामांची विचारपूस करा. आणि "उशीर होतो आहे" असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला रागावू नका. तो रागावण्याच्या भीतीने गप्प बसला, तर भिंतीवरचे घड्याळ केवळ शोभेचे उरेल.

समाजाने विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाला तारखेचेही बंधन आहे, एवढे लक्षात ठेवू या.