मुलांची पंगत
(मलकपेठ येथील वर्धापनोत्सवात केलेले भाषण)



मुलांना न्याय आणि समता कशी शिकवावी, हा विषय मला नेमून दिला आहे. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की ती शिकविताना मी स्वतः चुकलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका पाठशाळेत मी लहान मुलांना छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा सांगितली. पुत्राचे गोत्र मातेसही ठाऊक नाही. मुलगा ते जसेच्या तसे गौतमांपुढे निवेदन करतो, आणि त्या सत्यापायी गुरू त्याला पदरी घेतात. मुले तल्लीन झाली होती. इतक्यात भोजनाची घंटा झाली आणि मी सवयीने म्हणालो, "मुंज झालेले आधी बसा, बाकीचे दुसऱ्या पंगतीस." आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, सत्यकाम आला त्या दिवशी कोणत्या पंगतीस बसला?" प्रश्न खोडसाळ नव्हता; त्याला खरेच जाणून घ्यावयाचे होते. मी मात्र त्याच्यावर रागावलो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तीत आई श्यामला एका महार म्हातारीची मोळी उचलून देण्यास पाठविते. घरी आल्यावर स्नान कर, असेही सांगते. त्या काळी त्या माउलीने केले ते थोरच होते. पण मूल मोळीही पाहते आणि स्नानही पाहते. त्याच श्यामने पुढे अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, आणि १ मे १९४७ रोजी पंढरीचा विठ्ठल सर्वांना खुला व्हावा म्हणून तो उपोषणास बसला. ते उपोषण झाले तनपुरे महाराजांच्या मठात. मठाचे दार त्या दहा दिवसांत उघडे राहिले, याचा आपणा मठवासीयांना अभिमान वाटावा. पुढे १९५० साली संविधानाच्या सतराव्या कलमाने कायद्याचे काम केले. पंगतीचे काम आपल्याकडे राहिले.

येथील बालवर्गास मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुले येतात. श्लोक त्यांना लवकर पाठ होतात. पण शेजारच्या पानावरील लाडू ती त्याहून लवकर मोजतात. देणगीदाराच्या नातवास दुसरा लाडू न मागता मिळाला, हे त्यांच्या ध्यानातून सुटत नाही.

म्हणून एक विनंती. उद्याच्या महाप्रसादास मुलामुलींची एकच पंगत असावी आणि तीत आल्या क्रमाने बसवावे. मुंज, जात, देणगी काही पाहू नये. वाढावयास मी आणि पाठशाळेचे थोरले विद्यार्थी राहू. काही ज्येष्ठांचे मन यास राजी नाही, हे मी जाणतो. त्यांनी उद्या मंडपात येऊन एकवार ती पंगत पाहावी, मग मला बोलवून काय ते बोलावे. व्यवस्थापक मंडळींची अनुमती आज मिळाल्यास पाटांची मांडणी रात्रीच बदलून ठेवतो.